मैदान, पंगत आणि कर्णधारपद : पाळवणकर बंधूंच्या उदाहरणावरून वर्णरेषेच्या भंगाचा विचार

(१)

क्रीडेच्या इतिहासात 'वर्णरेषा मोडली' असे विधान आढळते, तेव्हा त्याच्यामागोमाग बहुधा एक तारीख येते. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या बाबतीत ही तारीख १५ एप्रिल १९४७ अशी सांगितली जाते. त्या दिवशी ब्रुकलिन डॉजर्स या संघातर्फे जॅकी रॉबिन्सन मैदानावर उतरले आणि सुमारे साठ वर्षे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद असलेले एक दार उघडले. ही घटना महत्त्वाची होती यात शंका नाही. तथापि तारखेने घटना नेमकी होते त्याबरोबर ती आखूडही होते. दार उघडले म्हणजे नेमके काय झाले, आत येणाऱ्यास कोठवर येऊ दिले गेले, आणि घराचा कारभार कोणाच्या हाती राहिला, हे प्रश्न तारखेपाशी थांबणाऱ्या वाचकास पडत नाहीत.

महाराष्ट्रात या प्रश्नांचा विचार करण्यास आवश्यक ते उदाहरण रॉबिन्सन यांच्या कितीतरी आधी घडून गेले आहे. ते म्हणजे पाळवणकर बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम, गणपत व विठ्ठल यांचे. चर्मकार ज्ञातीतील हे चौघे बंधू अस्पृश्यता पूर्ण जोरात असताना पुण्यामुंबईच्या हिंदू क्रिकेटसंघांतून खेळले. त्यांच्या वाटचालीत तीन निरनिराळ्या मर्यादा दिसतात: मैदानाची, पंगतीची आणि कर्णधारपदाची. या तीन मर्यादा एका वेळी ओलांडल्या गेल्या नाहीत, आणि एकाच कारणाने तर मुळीच नव्हे. पहिली मर्यादा संघाला विजयाची गरज होती म्हणून ओलांडली गेली. तिसरीसाठी खेळाडूंना खेळण्यास नकार द्यावा लागला. हा फरक स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२)

प्रथम संज्ञेचा विचार केला पाहिजे. अमेरिकेतील मूळ शब्दप्रयोगाला मराठीत 'वर्णरेषा' असा प्रतिशब्द रूढ झाला आहे, आणि तो योगायोगाने फार अर्थपूर्ण आहे. संस्कृतात 'वर्ण' म्हणजे रंग, आणि 'वर्ण' म्हणजे समाजाच्या चार विभागांपैकी एक. त्यामुळे अमेरिकेतील भेद आणि भारतातील भेद हे दोन्ही या एका शब्दात सामावतात. मात्र शब्द एक झाला म्हणून वस्तू एक होत नाही. अमेरिकेत भेदाची खूण कातडीवर होती व ती परक्यासही दिसे. भारतात ती खूण जन्म, ज्ञाती आणि वंशपरंपरागत व्यवसाय यांत होती. ती पाहून कळत नसे, माहीत असावी लागे.

पाळवणकर हे आडनाव या दृष्टीने लक्षणीय आहे. कोकणातील पाळवण या गावावरून ते पडले. ग्रामनामास '-कर' हा प्रत्यय लागून होणारी आडनावे महाराष्ट्रात सर्व ज्ञातींत आहेत. केवळ प्रत्ययावरून ज्ञाती ओळखता येत नाही. म्हणजे आडनावाने जे झाकले असते, ते समाजाच्या स्मरणाने उघडे ठेवले होते. शिवाय त्या काळच्या धावफलकांत या बंधूंची नोंद 'पी. बाळू', 'पी. शिवराम', 'पी. विठ्ठल' अशी, तर त्यांच्या सहकाऱ्यांची 'एम. डी. पै', 'डी. बी. देवधर' अशी आढळते. एकीकडे आडनाव आद्याक्षरात लोपले आहे आणि व्यक्तिनाम पुढे आले आहे. दुसरीकडे नेमके याच्या उलट. एकाच आडनावाचे अनेक बंधू एकाच संघात असल्यामुळे ओळख पटविण्यासाठी ही सोय केली गेली असणे अगदी शक्य आहे, आणि एवढ्यावरून हेतूचा आरोप करणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि नावाच्या मांडणीतून दर्जा व्यक्त करण्याची रीत क्रिकेटच्या जगाला अपरिचित नव्हती. इंग्लंडमध्ये हौशी 'जंटलमन' खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि पैसे घेऊन खेळणाऱ्याची आडनावानंतर छापीत. १९५० मध्ये लॉर्ड्स मैदानावर फ्रेड टिटमस या तरुण व्यावसायिकाची आद्याक्षरे चुकून आडनावाच्या आधी छापली गेली, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून ती चूक जाहीरपणे दुरुस्त करण्यात आली. हौशी आणि व्यावसायिक हा भेदच तेथे १९६२ मध्ये रद्द झाला. क्रिकेट हा भारतात आला तो असा, मुळातच श्रेणी मानणारा खेळ म्हणून. येथील श्रेणींशी त्याचे जुळण्यास वेळ लागला नाही.

(३)

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे वडील लष्करी नोकरीत होते, आणि कुटुंब पुढे पुण्यास स्थायिक झाले. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व शिवराम हा खेळ शिकले. बाळूंची पहिली नोकरी एका पारशी क्रिकेट क्लबातील होती. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरविणे आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकणे या कामाबद्दल त्यांना दरमहा तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर गेले. तेथे जे. जी. ग्रेग हे अव्वल दर्जाचे इंग्रज फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या, संथ फिरकी गोलंदाजीवर तासन्‌ तास सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस, असा करार ग्रेग यांनी बाळूंशी केल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.

आख्यायिका खरी असो वा नसो, सरावाच्या जाळ्यात बाळू चेंडू टाकीत. त्यांच्या हाती बॅट मात्र दिली जात नसे. गोलंदाजी हे श्रमाचे काम मानले जाई, आणि श्रम नोकराने करावयाचे असत. फलंदाजी हा धन्याचा आनंद होता. म्हणजे खेळाच्या आतच श्रमविभाग होता, आणि बाळूंना जो पहिला प्रवेश मिळाला तो खेळाडू म्हणून नव्हे, तर श्रमिक म्हणून. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा प्रारंभ ध्यानात ठेवावा लागतो.

(४)

बाळू हिंदू संघात आले कसे, हे पाहण्यापूर्वी त्या संघाच्या नावाकडे लक्ष दिले पाहिजे. मुंबई इलाख्यात क्रिकेटची उभारणी धर्मसमूहांनुसार झाली. पारशी संघाने १८८६ व १८८८ मध्ये इंग्लंडचे दौरे केले. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांच्यात इलाख्याचा वार्षिक सामना सुरू झाला. १८९४ मध्ये मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना स्थापन झाला. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा, १९१२ मध्ये मुसलमान संघाच्या प्रवेशाने चौरंगी आणि १९३७ मध्ये 'इतर' या संघाच्या समावेशाने पंचरंगी स्पर्धा, असा हा क्रम आहे.

संघ 'हिंदू' या नावाने उभा राहिला, तेव्हा अस्पृश्य हा हिंदू आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याला देणे प्राप्त झाले. सभांतून आणि वृत्तपत्रांतून हा वाद वर्षानुवर्षे लांबविता येत होता. क्रिकेटच्या मैदानावर अकरा नावे ठरवावी लागत. पुण्यातील हिंदू क्लबात बाळूंना घ्यावे की न घ्यावे याबद्दल मतभेद झाले. गोऱ्यांच्या सर्वोत्तम फलंदाजाला रोज चकविणारा गोलंदाज आपल्यापाशी असताना तो बाहेर ठेवून हरावे, की घेऊन जिंकावे, असा हा पेच होता. १८९० नंतरच्या दशकाच्या मध्यास तो बाळूंच्या बाजूने सुटला.

परंतु सुटला तो मैदानापुरता. खेळ चालू असता चेंडू बाळूंच्या हातून यष्टिरक्षकाच्या हाती, तेथून क्षेत्ररक्षकांच्या हातोहात फिरून पुन्हा बाळूंच्या हाती येई. तो चेंडू कातड्याचा होता, आणि कातड्याच्याच कामामुळे बाळूंची ज्ञाती अस्पृश्य मानली गेली होती. तरीही चेंडूच्या या देवघेवीत कोणास विटाळ वाटला नाही. चहाची वेळ झाली की मात्र सहकारी पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या बोळक्यातून चहा मिळे. त्यांचे जेवण वेगळ्या टेबलावर होई. तोंड धुण्यास पाणी हवे असल्यास अस्पृश्य नोकर ते बाजूला आणून देई. स्पर्शाचा नियम वस्तूंच्या स्वभावावर नव्हे, प्रसंगाच्या स्वरूपावर अवलंबून होता, हे यावरून स्पष्ट होते. ज्या प्रसंगी स्पर्शावाचून संघाचे काम अडत होते, तेथे नियम निमूटपणे निलंबित झाला; ज्या प्रसंगी काम अडत नव्हते, तेथे तो कायम राहिला.

सातारा येथील युरोपियन संघाविरुद्ध बाळूंनी सात गडी बाद केले. त्या विजयानंतर पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर समारंभात त्यांना पुष्पहार घातला, आणि लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. सामाजिक प्रश्नावर परस्परविरुद्ध भूमिका घेणारे हे दोन पुढारी एका अस्पृश्य खेळाडूच्या गौरवात एकत्र यावेत, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. जो खेळात चालतो तो पंगतीत का चालू नये, हा प्रश्न सुधारकांना आता दाखल्यानिशी विचारता येऊ लागला.

(५)

१८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाली, आणि त्यानंतर बाळू मुंबईस आले. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्यात खेळ असा त्यांचा क्रम सुरू झाला. येथेही प्रवेशास विरोध झाला व तो मावळला. मात्र पुण्याच्या मानाने मुंबईत पंक्तिभेद लवकर शिथिल झाला, आणि जिमखान्यात पाळवणकर बंधूंना सहकाऱ्यांसमवेत भोजनास बसता येऊ लागले. निरनिराळ्या ज्ञातींचे लोक एका छपराखाली काम करणारी गिरण्या, गोद्या व रेल्वे यांची ही नगरी होती, हे त्याचे एक कारण म्हणता येईल.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. हिंदूंच्या दोन डावांत २४२ व १६०, तर युरोपियनांच्या १९१ व १०२ धावा झाल्या. बाळूंनी सामन्यात आठ गडी बाद केले. शिवरामही या संघात होते. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते, आणि या विजयाला खेळापलीकडचा अर्थ प्राप्त झाला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने विजयापेक्षाही अधिक महत्त्व चर्मकार बंधूंच्या समावेशाला दिले; हजारो तरुण हिंदूंची मने उदार करण्याचे जे कार्य इतर प्रयत्नांनी झाले नाही ते या एका गोष्टीने साधले, असा त्या लेखनाचा आशय होता.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाला १४ प्रथम श्रेणीच्या सामन्यांपैकी केवळ दोन जिंकता आले, पण बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवराम यांनी नाबाद शतक झळकविले. एकंदर ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ गडी, सरासरी १५.२१, असा बाळूंचा हिशेब आहे. भारताला पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये मिळाला. तोवर बाळूंचे मैदानावरील आयुष्य संपले होते. पुढील पिढ्यांच्या स्मरणातून ते निसटले याचे हेही एक कारण आहे.

(६)

आता तिसरी मर्यादा. 'कर्णधार' या शब्दात 'कर्ण' म्हणजे नौकेचे सुकाणू. नौकेत जागा मिळणे निराळे आणि सुकाणू हाती येणे निराळे. इंग्लंडसारख्या देशातही व्यावसायिक खेळाडूला इंग्लंडचे कर्णधारपद नियमितपणे मिळाले ते १९५२ मध्ये, लेन हटन यांच्या रूपाने. कर्णधार हा केवळ गोलंदाज बदलणारा नसतो. तो संघातर्फे बोलतो, यजमानपण करतो, इतरांना आज्ञा देतो. त्याची आज्ञा पाळावी लागते. एखाद्याच्या कौशल्याचा उपयोग करून घेण्यास त्याला वरिष्ठ मानावे लागत नाही. त्याला कर्णधार करण्यास मात्र मानावे लागते.

१९१० नंतर ज्येष्ठता, अनुभव आणि कामगिरी या तिन्ही निकषांवर बाळूंचे नाव पुढे येत राहिले आणि मागे पडत राहिले. पद एम. डी. पै यांच्याकडे आले. हा मान वस्तुतः ज्येष्ठ सहकारी बाळू यांचा होता, असे स्वतः पै यांनी जाहीरपणे सांगितले. अन्यायाचा लाभ ज्यास झाला त्यानेच तो मान्य करावा, हे उदाहरण विरळा होय. तथापि एका व्यक्तीच्या औदार्याने निवडसमितीची रीत बदलली नाही.

१९२० हे वर्ष निर्णायक ठरले. मे महिन्याच्या अखेरीस नागपूर येथे राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, आणि डॉ. आंबेडकर तीत सहभागी झाले. डिसेंबरात नागपूरलाच काँग्रेसचे अधिवेशन भरून अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न राष्ट्रीय कार्यक्रमात ठळक झाला. म्हणजे विदर्भाच्या राजधानीत एकाच वर्षी जो प्रश्न दोन व्यासपीठांवर मांडला गेला, तोच मुंबईच्या मैदानावर तिसऱ्या रूपाने उभा राहिला.

त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्यासाठी बाळूंना वगळण्यात आले. पै हे खेळू शकत नव्हते. उरलेल्यांत विठ्ठल यांचा हक्क प्रबळ असताना समितीने प्राध्यापक दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले. देवधर हे उत्तम फलंदाज होते, आणि येथे प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हता. समितीने योग्यता कोणत्या मापाने मोजली याचा होता. शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि आपले निवेदन वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. आपल्याला डावलण्यामागे आपण तथाकथित खालच्या वर्गाचे आहोत हीच गोष्ट आहे, आणि ती सहन करणे स्वाभिमानास बाधक आहे, असा त्याचा आशय होता. या निवेदनावर वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. पारशी संघाविरुद्धच्या पुढील सामन्यात पै कर्णधार म्हणून परतले, पाळवणकर बंधूंना संघात घेण्यात आले, आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. सामना चालू असता पै काही काळ मैदानाबाहेर गेले व तेवढ्यापुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांच्या वाट्यास आलेले कर्णधारपण ते एवढेच.

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. १९२५ व १९२६ मध्येही त्यांच्याच नेतृत्वाखाली विजय मिळाले. मैदानावरील प्रवेशापासून सुकाणू हाती येईपर्यंत पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता, आणि जे थोरल्या भावाला नाकारले गेले ते धाकट्याच्या हाती आले होते. विठ्ठल यांनी ही हकिकत 'माझे क्रीडा-जीवन' या मराठी आत्मचरित्रात पुढे लिहून ठेवली, ही अभ्यासकांच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होय.

(७)

या तीन मर्यादा ध्यानात ठेवून अमेरिकेतील उदाहरणाकडे पाहिले म्हणजे ते निराळे दिसू लागते. तेथे प्रारंभी बंदी नव्हती. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हे कृष्णवर्णीय खेळाडू टोलिडो संघातून उच्च श्रेणीत खेळले होते. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगने कृष्णवर्णीयांशी नवे करार मान्य न करण्याचे ठरविले. प्रमुख लीगांनी असा लेखी नियम केला नाही. परस्परांतील अलिखित समजुतीनेच ते काम भागविले. नियम लिहिलेला नसल्यामुळे तो रद्द करण्याची मागणीही कोणाकडे करावी, हा प्रश्नच होता. हिंदू जिमखान्यातही कर्णधारपदाविषयी असा कोणताही नियम कागदावर नव्हता, हे येथे स्मरावे.

बहिष्कृत खेळाडूंनी आपली स्वतंत्र सृष्टी उभारली. १९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. योगायोगाने हे वर्षही तेच आहे. वेंडेल स्मिथ, सॅम लेसी यांच्यासारखे कृष्णवर्णीय पत्रकार वर्षानुवर्षे हा प्रश्न धसास लावीत राहिले. १९४५ मध्ये डॉजर्सचे संचालक ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सन यांच्याशी करार केला. १९४६ चा हंगाम मॉन्ट्रियल येथे दुय्यम संघात काढून रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनला आले. रिकी यांच्या हेतूत नैतिक तळमळ होती, तशी विजयाची व प्रेक्षकांच्या गर्दीची अपेक्षाही होती. पहिली मर्यादा गरजेपोटी मोडते, हे येथेही दिसते.

पंगतीची मर्यादा मात्र उरली. सहकाऱ्यांपैकी काहींनी रॉबिन्सन यांच्याबरोबर खेळण्यास विरोध दर्शविला. फिलाडेल्फियातील एका हॉटेलने १९४७ मध्ये त्यांच्या संघाला जागा नाकारली, आणि दक्षिणेकडील राज्यांत त्यांना मुक्काम वेगळा करावा लागे. पुण्यातील बोळके आणि फिलाडेल्फियातील हॉटेल ही एकाच नियमाची दोन रूपे होत. उच्च श्रेणीच्या १६ संघांपैकी शेवटच्या संघाने कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९५९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी.

बेसबॉलमध्ये संघाचे सुकाणू व्यवस्थापकाच्या हाती असते. ऑक्टोबर १९७२ मध्ये एका सत्कारप्रसंगी रॉबिन्सन यांनी आपला आनंद व्यक्त केला, आणि व्यवस्थापकाच्या जागी कृष्णवर्णीय चेहरा दिसेल तेव्हा तो अधिक होईल, असे जोडून सांगितले. त्यानंतर नवव्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांची ही इच्छा १९७५ मध्ये क्लीव्हलँड संघाचे व्यवस्थापक झालेल्या फ्रँक रॉबिन्सन यांच्या रूपाने पूर्ण झाली. दोघांचे आडनाव एक, पण नाते काही नव्हे. प्रवेशापासून नेतृत्वापर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली.

याला तिसरे उदाहरण वेस्ट इंडीजचे. तो संघ १९२८ मध्ये कसोटी क्रिकेटमध्ये आला, आणि त्याच्या बहुसंख्य थोर खेळाडूंचा वर्ण कृष्ण होता. १९४८ मध्ये जॉर्ज हेडली यांना एका सामन्यापुरते नेतृत्व मिळाले. परंतु संपूर्ण दौऱ्यासाठी कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून फ्रँक वॉरेल यांची नेमणूक झाली ती १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी, आणि तीही सी. एल. आर. जेम्स यांनी वृत्तपत्रातून नेटाने चळवळ केल्यानंतर. तीन देशांतील ही अंतरे जवळपास सारखी असली तरी त्यांवरून काळाचा एखादा नियम काढणे धाडसाचे होईल. एवढे मात्र म्हणता येईल की तिन्ही ठिकाणी कौशल्याची कबुली आधी आली आणि अधिकाराची फार नंतर; आणि एकीतून दुसरी आपोआप उपजली असे कोठेही आढळत नाही.

(८)

या विवेचनाला एक आक्षेप घेता येईल. पाळवणकरांना सामूहिक लढा द्यावा लागला नाही, काळ बदलला व रूढी सैल झाली, असे कोणी म्हणेल. काळ बदलला हे खरे. पण तो बदलला म्हणजे काय, याचे उत्तर १९२० च्या घटनेत आहे. पंचवीस वर्षे बाळू उत्तम खेळत राहिले, आणि त्यांच्या खेळाने समितीचे मन वळले नाही. ते वळू लागले ते धाकट्या भावांनी न खेळण्याचा निर्णय घेऊन त्याचे कारण चारचौघांत सांगितले तेव्हा. प्रवेश मिळविताना 'आम्ही उपयोगी आहोत' एवढे सिद्ध करावे लागले होते. नेतृत्व मागताना 'उपयोगापलीकडे आमचा अधिकार आहे' असे म्हणावे लागले.

बाळूंच्या उत्तरायुष्यात हाच प्रश्न राजकारणाच्या रूपाने पुन्हा समोर आला. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडावयाचे, हा १९३२ मधील वादाचा गाभा होता. डॉ. आंबेडकर यांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली होती. संयुक्त संघात प्रवेश मिळाला तरी निवडसमिती दुसऱ्यांचीच राहते, हे या मागणीमागील तत्त्व क्रिकेटच्या परिभाषेत सांगता येईल. बाळूंचा कल संयुक्त मतदारसंघांकडे होता, आणि पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्या गृहस्थांनी निवडसमितीचा अन्याय आयुष्यभर अनुभवला त्यांनी हा पक्ष का घ्यावा, असा प्रश्न सहज मनात येतो. परंतु बाळूंच्या जीवनाकडे त्यांच्याच बाजूने पाहिले तर त्यात विसंगती दिसत नाही. संयुक्त संघानेच त्यांना मातीच्या बोळक्यापासून भोजनाच्या टेबलापर्यंत आणले होते, आणि धाकट्या भावाला त्याच संघाने कर्णधार केले होते. आंबेडकरांनी वाटेत गेलेली वर्षे मोजली, बाळूंनी चालून झालेले अंतर मोजले. दोघांपुढील प्रश्न एकच होता.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांचे स्मरण बहुधा 'पहिला अस्पृश्य क्रिकेटपटू' अशा शब्दांत केले जाते. त्यात चूक काही नाही. पण रॉबिन्सन यांच्या तारखेप्रमाणेच हे वर्णनही पहिल्या मर्यादेपाशी थांबते. कोणत्याही संस्थेच्या बाबतीत, मग ती क्रीडासंघ असो, विधिमंडळ असो वा विद्यापीठ असो, एखाद्या वर्गास प्रवेश केव्हा मिळाला ही नोंद अभ्यासाचा आरंभ होय. तो वर्ग पंगतीस केव्हा बसला आणि त्याच्या हाती सुकाणू केव्हा आले, या पुढील दोन नोंदी निराळ्या पुराव्यांवरून, निराळ्या तारखांनी कराव्या लागतात. पाळवणकर बंधूंच्या उदाहरणात या तिन्ही नोंदी स्पष्टपणे हाती लागतात, आणि म्हणूनच अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे मोल अधिक आहे.